लेकुरवाळीची सोबत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीस बाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत चार वाक्ये बोलायची तरी माझ्या घशाला कोरड पडते. परंतु मागच्या सभेत मंडळाच्या खोलीवरून जी बोलाचाली झाली ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुपारी अकरा ते चार या वेळात आपली खोली बंदच असते. तेवढा वेळ ती खालच्या भाजीवाल्या, मासळीवाल्या आणि घरकामाला येणाऱ्या बायांना बाळाला पाजण्यासाठी उघडी ठेवावी, असा ठराव मी मांडला होता. तो तहकूब झाला. एक वडील भगिनी म्हणाल्या, “आमच्या वेळी कुठे होत्या असल्या खोल्या? आम्ही नाही का पोरे वाढवली?”

त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणूनच मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. नंतर मी वाचनालयातून काही पुस्तके आणली, दवाखान्यातील बाईंना विचारले, घरातल्या जुन्या गोष्टी आठवल्या. पूर्वी पाजणाऱ्या आईला कुणाची सोबत होती आणि कुणाची नव्हती, हे जमेल तसे पुढे लिहिते.

प्रारंभ हिरकणीपासूनच करते. रायगडाच्या पायथ्याची ही गवळण दूध घालावयास गडावर गेली. तिन्हीसांजेला दरवाजे बंद झाले आणि तिचे तान्हे बाळ खाली घरात. पहारेकरी हुकुमाचे ताबेदार, त्यांनी दरवाजा उघडला नाही. मग ती अंधारात कडा उतरून बाळाकडे गेली. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन गौरविले आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा येई. स्वतःला लेकरू झाल्यावर मात्र मनात दुसराच विचार येऊ लागला. तिच्या अंगात एवढे बळ होते म्हणून बाळाला दूध मिळाले. जिला कडा उतरता आला नसता तिने काय करावयाचे होते? कडा उतरणारीचे कौतुक आपण आजवर करीत आलो. दरवाजा उघडावा हे शहाणपण आपल्याला फार उशिरा सुचले.

त्याच काळातली दुसरी बाई म्हणजे कापूरहोळची धाराऊ. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. सईबाई राणीसाहेबांची प्रकृती ढासळलेली होती. तेव्हा धाराऊ बाळराजांची दूधआई झाली. राजाच्या घरीसुद्धा आईला दुसऱ्या आईची गरज पडली, आणि ती घेण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. ज्या भगिनी म्हणतात की पाजणे हे ज्या त्या बाईचे एकटीचे काम, त्यांनी धाराऊची आठवण ठेवावी.

आपल्या गावांतून ही सोबत घरातच असे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाई. सुईण बाळाला अंगावर लावून देई. सव्वा महिना बाळंतिणीला खोलीबाहेर कामाला जाऊ देत नसत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी तिच्यापुढे येई. छातीत गाठ आली तर शेकायला आई, मावशी, आत्या कुणीतरी जवळ असे. त्यातही दोष होते, ते झाकू नयेत. पहिला पिवळसर चीक वाईट म्हणून पिळून टाकीत आणि बाळाला मध नाहीतर गूळपाणी चाटवीत. तो चीकच बाळाची पहिली लस आहे, आणि जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, हे आज डॉक्टर सांगतात. परंतु चुकले तरी चार बायका बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या असत, एवढे खरे.

ही सोबत तुटली ती आपल्या या गिरणगावात. मुंबईत १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली, आणि पुढे पन्नास वर्षांत परळ-लालबागचा सगळा मुलूख भोंग्यावर उठू-बसू लागला. कोकणातून आणि घाटावरून पुरुष आले, मागोमाग बायकाही आल्या. त्या वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत काम करीत. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम अकरा तासांच्या आत आणले. म्हणजे त्यापूर्वी त्याहून अधिक असे, हे उघड आहे. आई गिरणीत आणि तान्हे खोलीत. मधे ना माहेर, ना सुईण. मग त्या बाळाचे काय करीत? बाळागोळी देत.

नव्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. ही अफूची बारीक गोळी. सकाळी दिली की बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे, तसेच दूधही मागत नसे. सरकारने गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स नावाच्या बाईंकडे सोपविली होती. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. मी हा आकडा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण त्यातली एक आई माझ्याच घरात होऊन गेली.

आमच्या आजेसासूबाई, त्यांना आम्ही आजी म्हणत असू, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. बार्न्सबाईंच्या अहवालानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १९४३ च्या सुमारास, त्या गिरणीत लागल्या. त्यांचा पहिला मुलगा १९४५ साली झाला. चाळीतली एक म्हातारी पाच-सहा पोरे सांभाळी, तिच्याकडे त्याला ठेवून आजी पहाटे जात. आजींनी हे मला सांगितले ते फार उशिरा, माझ्या मुलीच्या दुखण्यात. म्हणाल्या, “आगं, संध्याकाळी आले तरी प्वार निजलेलंच असायचं. मला वाटायचं, किती शाणं हाय, आईला तरास देत न्हाई. झोप न्हवती ती, गुंगी हुती.” गिरणीत दुपारी त्यांची चोळी दुधाने भिजे, आणि त्या मोरीत जाऊन ते दूध पिळून टाकीत. मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. पन्नास-पंचावन्न वर्षे ही गोष्ट त्यांनी कुणापुढे काढली नव्हती.

“आम्ही नाही का पोरे वाढवली?” याचे एक उत्तर हे आहे. वाढवली, आणि गमावलीही. गमावलेल्यांची नावे कुणी घेत नाही, म्हणून सगळी वाढली असे आपल्याला वाटते.

अर्थात सगळे हातावर हात ठेवून बसले होते असे नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली आसवले यांनी गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा व भत्ता देण्याचे बिल मांडले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बिलाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि मालकालाही अगदी मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. बाईला काही आठवड्यांची रजा आणि रोजचे आठ आणे मिळू लागले. आज आठ आण्यांचे हसू येईल, पण बाळंतीण घरी बसली तरी चूल पेटेल, हे त्या आठ आण्यांनी प्रथम मान्य केले. पुढे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने पन्नासांहून अधिक बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ साली हा आकडा तीसवर आणला.

आमचे सासरे १९५० साली जन्मले. तोवर आजींच्या गिरणीत पाळणाघर झाले होते. आजी सांगत, “दोनदा खाली उतरायची, मांडीवर घ्यायची, पोटभर पाजायची आन् परत खात्यात.” बाई तीच, दूध तेच, गिरणीही तीच. एक मूल गेले, एक जगले. मधे पाळणाघराचा एक दरवाजा उघडला होता, एवढाच फरक. मात्र कायदे आले तसतशा गिरण्यांतल्या बायकांच्या जागाही कमी होत गेल्या. पाळणाघर नको आणि भत्ताही नको, त्यापेक्षा बाईच नको, असे पुष्कळ मालकांनी ठरविले. म्हणून नुसता कायदा पुरत नाही, हेही आजींच्याच पिढीने पाहिले.

गोळी मागे पडली आणि डबा आला. पावडरच्या दुधाचे डबे हळूहळू साऱ्या जगात पसरले. गुटगुटीत बाळांची चित्रे त्यांवर असत. १९३९ साली सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी भर सभेत बजावले की, गरिबाघरी असे दूध पाजावयास लावणे म्हणजे बाळाचा जीव घेणेच आहे. पाणी स्वच्छ नाही, बाटली उकळायला सरपण नाही, आणि डबा महाग म्हणून त्यात पाणी अधिक. हे त्यांनी सांगितले, आणि बासष्ट वर्षांनी नेमके तसेच माझ्या घरी घडले.

२००१ साली मला मुलगी झाली. माझी आई आधीच वारली होती, त्यामुळे माहेर नव्हते. सासूबाई कामाला जात. मूल रडे, आणि रडले की जी ती म्हणे, “हिला दूधच नाही.” तिसऱ्या दिवशी घरात डबा आला. बाळ बाटलीने प्याले की अंगावर ओढत नसे. ओढले नाही की दूध आणखी आटे. यात माझा काही दोष नव्हता, पण मी स्वतःला करंटी समजत असे. डबा आठवडाभरात संपे, आणि यजमानांचा पगार केवढा! मग मी चमचा कमी आणि पाणी जास्त घालू लागले. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते, आज लिहिते. दोन महिन्यांची असताना तिला जुलाब लागले आणि सहा दिवस इस्पितळात काढावे लागले. तिचे डोळे खोल गेलेले मला अजून स्वप्नात दिसतात.

तेथे आजी माझ्याजवळ रात्रभर बसत. त्या वेळीच त्यांनी पहिल्या मुलाची गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, “पान्हा बाईला एकटीला फुटत न्हाई, पोरी. पाठीवर कुणाचा तरी हात लागतो.” वॉर्डातल्या सिस्टरने बाळ कसे धरायचे ते दाखविले. नुसती बोंडी नाही, तर भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, हे मला तेव्हा कळले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, अंगावर लावायचे. घरी आल्यावर आजी माझ्या वाटणीची भांडी घाशीत आणि मला बसवून ठेवीत. तीन आठवड्यांत डबा सुटला. माझी मुलगी आता पंचविशीत आली आहे. आजी २००४ साली गेल्या.

पुढे मी वाचले की आजींचे ते वाक्य सातासमुद्रापलीकडच्या बायांनाही सुचले होते. अमेरिकेत शिकागोजवळ फ्रँकलिन पार्क नावाचे गाव आहे. १९५६ साली त्या भागातल्या एका सहलीत दोन आया झाडाखाली बसून बाळांना पाजीत होत्या. त्या काळी तिकडे बाटलीचाच रिवाज होता. इतर बाया येऊन त्यांना विचारू लागल्या, तुम्हाला हे कसे जमले? त्यातून सात जणींनी एकीच्या घरी बैठक घेतली, आणि ‘ला लेचे लीग’ नावाची संस्था उभी राहिली. लेचे म्हणजे स्पॅनिश भाषेत दूध. छाती हा शब्द वर्तमानपत्रात छापायची चोरी होती, म्हणून परभाषेतले नाव घेतले! आपण आपल्या भाषेत ‘अंगावर पाजणे’ असा सोज्वळ शब्द केव्हाच करून ठेवला आहे. त्या सातही जणी घरातल्याच बायका होत्या, आपल्यासारख्या. आईने आईला शिकवावे, एवढीच त्यांची पद्धत. आज ती संस्था अनेक देशांत आहे.

आणि इतके लांब तरी कशाला जावे! शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आपल्याला जवळचे. धारावीतल्या किती तरी बाया तेथे बाळंत होतात. तेथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस या बाईंनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मानवी दुधाची पेढी काढली. अशी पेढी आशियात पहिलीच म्हणतात. दिवसाआधी जन्मलेली, हाताच्या ओंजळीत मावणारी बाळे तेथे असतात. ज्या आईला अजून पान्हा नाही किंवा जी स्वतः अत्यवस्थ आहे, तिच्या बाळाला दुसऱ्या आयांनी दिलेले दूध मिळते. दूध देणारीची आधी तपासणी होते. ते दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवितात, निवाल्यावर त्याची परीक्षा करतात आणि गोठवून ठेवतात. धाराऊचेच हे काम. फरक एवढाच की तेथे देणारीला घेणारीचे नाव ठाऊक नसते. जात, धर्म, गाव कुणी विचारीत नाही.

यानंतरची पावले भराभर पडली. डब्याच्या जाहिरातींना आळा घालणारा नियम जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली केला होता. तो आपल्याकडे कायद्यात उतरावा म्हणून मुंबईचे आणि इतर ठिकाणचे बालरोगतज्ज्ञ झटत होते. डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या वर्ध्याला स्तनपानाचा प्रसार करणारी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. डब्यावर बाळाचे चित्र नको, फुकट नमुने वाटायचे नाहीत, जाहिरात करायची नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा १९९२ पासून जगभर स्तनपानाचा सप्ताह म्हणून पाळतात. नोकरीवाल्या बायांना १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या, आणि २०१७ साली बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली.

हे सर्व चांगलेच झाले. परंतु भगिनींनो, आपल्या खालच्या भाजीवालीला रजा कोण देणार? तिचा मालक कोण? बाळाला पहिले सहा महिने नुसते आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, असे आपण तिला सांगतो. ती उन्हात टोपलीमागे छत्री आडवी धरून पाजते, आणि येणारे जाणारे टक लावून पाहतात. तिने सहा महिने कसे काढावेत?

एस. टी. स्टँडांवर आता हिरकणी कक्ष झाले आहेत. नाव किती योग्य! गावी जाताना एका स्टँडवर माझ्याबरोबर एक तान्ह्याची आई होती, तिला मी मोठ्या उत्साहाने तेथे घेऊन गेले. कक्षाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. फटीतून पाहिले तर आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या. शेवटी तिने माझ्या पदराच्या आडोशाला पाजले. मला वाटले, कड्याला नाव हिरकणीचे दिले, दरवाजा मात्र अजून बंदच आहे.

आपल्या खोलीतही भजनाच्या टाळपेट्या, हळदीकुंकवाची भांडी आणि एक सतरंजी आहे. चोरी होईल अशी भीती काहींना वाटते, ती अवाजवी नाही. कपाटाला कुलूप लावू. अकरा ते चार एकेक जण पाळीने बसू. आठवड्यातून एकदा माझी पाळी आली तरी माझे शिवण मी तेथे बसून करू शकते. एक चटई, एक माठ आणि दाराला पडदा, याहून काही लागत नाही. आणि आपल्या चाळीत कुणी बाळंत झाली की पहिल्या आठवड्यात दोघींनी तिच्याकडे जावे. जाताना झबले-टोपडे नेले नाही तरी चालेल. तिची भांडी घासावीत आणि “तुला दूधच नाही” हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ देऊ नये. एखादीला काही दुखण्यामुळे पाजणे नाहीच जमले, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे, पण बोल लावू नये. तो बोल किती लागतो ते मला विचारा.

येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव पुन्हा मांडणार आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर वडील भगिनींनी क्षमा करावी. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी विचारले नसते तर आजींची गोष्ट माझ्याबरोबरच गेली असती. किल्ली सध्या चिटणीस बाईंकडे आहे. पहिल्या दिवशीची पाळी माझी लावावी, एवढी विनंती करून हे लिखाण पुरे करते.